शरीरातला कंट्रोल लूप

मंडळी, एक साधा प्रश्न. मागच्या वर्षभरात तुम्ही एकूण किती खाल्लंत? मेसच्या पोळ्या, रविवारची फीस्ट, रात्री दोनची मॅगी, टपरीवरचा वडापाव, सबमिशनच्या काळातला कटिंग चहा, आणि घरून आलेले लाडू (जे रूमवर पोचल्यावर दहा मिनिटांत संपतात)... सगळं धरून?

सांगता येणार नाही. मलाही येणार नाही. पण अंदाज करता येतो. आपल्या वयाच्या मुलामुलींना दिवसाला साधारण २२०० किलोकॅलरी लागतात असं धरू. (बोलताना आपण जिला नुसती कॅलरी म्हणतो, ती खरं तर किलोकॅलरी असते.) २२०० गुणिले ३६५ म्हणजे वर्षाला आठ लाखांच्या वर. आता, एक किलो चरबीत साधारण ७७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात. म्हणजे वर्षाच्या हिशोबात फक्त एक टक्का चूक झाली, रोज २२ किलोकॅलरी, अक्षरशः पाव पोळी, तर वर्षाला एक किलो वजन वाढायला हवं. चाळीस वर्षांत चाळीस किलो!

पण असं होत नाही. कित्येकांचं वजन वर्षानुवर्षं दोन-तीन किलोंच्या आतच फिरतं. एकही माणूस पोळीचा पाव तुकडा मोजून बाजूला काढत नाही. मग हा हिशोब ठेवतं कोण? आमच्या प्रोसेस कंट्रोलच्या लॅबमधल्या टाकीची लेव्हल एक टक्क्याच्या आत ठेवायची, तर प्रॅक्टिकलला तास जातो आणि सर तरीही रीडिंग पुन्हा घ्यायला लावतात!

मी इन्स्ट्रुमेंटेशनची. शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे बायोलॉजी शिकले इंग्लिशमध्ये आणि मराठी शिकले आजीकडून. तेव्हा ‘संप्रेरक’ऐवजी हार्मोन आणि ‘प्रतिपोषण’ऐवजी फीडबॅक म्हटलं, तर मराठी विभागाच्या संपादकांनी चालवून घ्यावं.

हा लेख लिहायचं कारण मात्र नुसतं गणित नाही. होस्टेलमध्ये रोज कानावर पडणारी दोन वाक्यं आहेत. एक, ‘तिचा स्वतःवर कंट्रोलच नाही.’ आणि दुसरं, ‘याच्या अंगाला काही लागतच नाही.’ या दोन्ही वाक्यांत कंट्रोल या शब्दाचा अर्थ चुकतो असं मला वाटतं. कसा, ते बघू.

लूप म्हणजे काय?

सेकंड इयरपासून आपण हेच शिकतो. एक सेट पॉइंट असतो, म्हणजे हवी असलेली किंमत. सेन्सर प्रत्यक्ष किंमत मोजतो. कंट्रोलर दोन्हींतला फरक, म्हणजे एरर, काढतो आणि व्हॉल्व्हला हुकूम देतो. गीझर, फ्रिज, इस्त्री, सगळीकडे हेच.

शरीरात तर असे शेकडो लूप आहेत. बाहेर ४२ अंश असो नाहीतर १२, आतलं तापमान ३७ च्या आसपास राहतं. या गुणाला अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९२६ मध्ये ‘होमिओस्टॅसिस’ असं नाव दिलं. मराठीत समस्थिती. वजनाच्या बाबतीतही असाच लूप असावा, मेंदू अंगातल्या चरबीच्या साठ्याकडे लक्ष ठेवून भूक कमी-जास्त करत असावा, ही कल्पना इंग्लंडमध्ये गॉर्डन केनेडी यांनी १९५३ मध्ये मांडली. कंट्रोलर कुठे आहे याचाही अंदाज होता. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग असतो. त्यातल्या ठराविक जागी इजा झाली की उंदीर वाटेल तितकं खाऊन फुगतात, हे माहीत झालेलं होतं.

पण सेन्सरची वायर सापडत नव्हती. पोटावरची, मांड्यांवरची चरबी डोक्याला कळवते कशी की ‘मी इतकी आहे’?

टाकीच्या सेन्सरचा शोध

हा शोध मला एखाद्या रहस्यकथेसारखा वाटतो. १९५९ मध्ये हर्वी या शास्त्रज्ञाने दोन-दोन उंदीर शस्त्रक्रियेने शेजारीशेजारी जोडले, इतके की एकाच्या रक्तातला थोडा भाग दुसऱ्याच्या अंगात फिरावा. मग जोडीतल्या एकाच्याच हायपोथॅलॅमसला इजा केली. तो खात सुटला आणि लठ्ठ झाला. गंमत म्हणजे त्याचा जोडीदार, ज्याला काहीच केलं नव्हतं, तो खाणं सोडून वाळत गेला! म्हणजे लठ्ठ उंदराच्या रक्तातून ‘बास, साठा भरला’ असा निरोप जात होता. ज्याचा मेंदू शाबूत होता त्याला तो ऐकू येत होता. ज्याचा बिघडला होता त्याला नाही.

पुढचं काम अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या जॅक्सन लॅबोरेटरीत झालं. तिथे जन्मतःच लठ्ठ होणाऱ्या उंदरांच्या दोन जाती होत्या. एकीचं नाव ‘ओबी’, दुसरीचं ‘डीबी’. दिसायला दोन्ही सारख्याच गोलमटोल. डग्लस कोलमन यांनी त्यांच्या जोड्या लावून बघितल्या. डीबीला साध्या उंदराशी जोडलं, तर साधा उंदीर उपाशी मेला. ओबीला साध्याशी जोडलं, तर ओबी कमी खाऊ लागला. आणि ओबीला डीबीशी जोडलं, तर ओबी वाळला आणि डीबी मात्र तसाच लठ्ठ राहिला. कोलमननी निष्कर्ष काढला की ओबी निरोप पाठवू शकत नाही, पण ऐकू शकतो. डीबी निरोप भरपूर पाठवतो, पण त्याला स्वतःला तो ऐकू येत नाही. आपल्या भाषेत, एकाचा ट्रान्समीटर गेलेला आणि दुसऱ्याचा रिसीव्हर.

तो निरोप म्हणजे नेमका कोणता पदार्थ, हे कळायला १९९४ उजाडलं. रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने ओबी जीन शोधून काढला. त्या जीनपासून चरबीच्या पेशींमध्ये एक हार्मोन तयार होतं. त्याला नाव मिळालं लेप्टिन. ग्रीक भाषेत ‘लेप्टोस’ म्हणजे बारीक. चरबी जास्त तर रक्तात लेप्टिन जास्त, चरबी कमी तर लेप्टिन कमी. अगदी टाकीचा लेव्हल सेन्सर! तोपर्यंत चरबी म्हणजे नुसतं गोडाऊन असं सगळे समजत होते. ते गोडाऊन रोज हेड ऑफिसला स्टॉक रिपोर्ट पाठवतं हे तेव्हा कळलं.

माणसांतही असंच असतं का? १९९७ मध्ये इंग्लंडमध्ये पाकिस्तानी वंशाच्या एका कुटुंबातली दोन चुलत-मावस नात्यातली मुलं तपासली गेली. मुलगी आठ वर्षांची, वजन ८६ किलो. मुलगा दोन वर्षांचा, वजन २९ किलो. दोघांनाही भूक आवरत नव्हती. दोघांच्या रक्तात लेप्टिन जवळजवळ नव्हतंच. पुढे त्या मुलीला लेप्टिनची इंजेक्शनं सुरू झाली आणि एका वर्षात तिचं वजन १६ किलोंनी उतरलं. विचार करा, त्याआधी त्या पोरीला आणि तिच्या आईला किती जणांनी सुनावलं असेल. ‘हात आखडता घे,’ ‘मुलीला इतकं खायला घालू नका.’ आणि दोष होता एका तुटलेल्या वायरचा.

इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांना इथे एक गोष्ट लगेच खटकेल. आपण सिग्नल ४ ते २० मिलिअँपिअरचा ठेवतो. शून्य लेव्हललाही चार मिलिअँपिअर असतातच. म्हणून करंट शून्य आला की समजतं, टाकी रिकामी नाही, वायर तुटली आहे. शरीरात ही सोय नाही. लेप्टिन शून्य म्हणजे मेंदूच्या लेखी टाकी रिकामी. मग अंगावर पन्नास किलो चरबी का असेना, मेंदूला वाटतं दुष्काळ पडलाय!

लेप्टिन सापडल्यावर सगळ्यांना वाटलं, मिळालं औषध. अॅम्जेन कंपनीने तर १९९५ मध्ये त्याच्या हक्कांसाठी दोन कोटी डॉलर आगाऊ मोजले. पण साध्या लठ्ठपणात ते फारसं चाललं नाही. कारण लठ्ठ माणसांत लेप्टिन कमी नसतं, बहुतेकांत ते जास्तच असतं. मेंदू ते पुरेसं ऐकत नाही. म्हणजे हा कंट्रोलर एका बाजूने कडक आहे आणि दुसऱ्या बाजूने ढिला. साठा घटला की आरडाओरडा करतो. साठा वाढला की ‘बघू नंतर’ म्हणतो. माणसाच्या इतिहासात दुष्काळ जास्त आणि बुफे कमी, हे लक्षात घेतलं तर यात नवल नाही.

मिनेसोटाचे छत्तीस जण

साठा घटल्यावर हा आरडाओरडा कसा असतो, हे दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेत नीट नोंदवलं गेलं. युरोपात लाखो लोक उपाशी होते. त्यांना पुन्हा खायला घालायचं तर कसं, हे कुणालाच माहीत नव्हतं. मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये प्रयोग केला. विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमखालच्या खोल्यांत ३६ निरोगी तरुण राहायला आले. हे सगळे युद्धात शस्त्र हाती घ्यायला नकार दिलेले, आणि दुसऱ्या मार्गाने लोकांच्या उपयोगी पडावं म्हणून स्वतःहून आलेले होते. वय आपल्याहून थोडंच जास्त.

आधी तीन महिने पोटभर जेवण. मग सहा महिने जवळजवळ निम्मं. बटाटे, सलगम, काळा पाव, मॅकरोनी. दिवसाला सुमारे १६०० किलोकॅलरी आणि आठवड्याला २२ मैल चालणं. आकडा परत वाचा. १६०० म्हणजे उपास नव्हे. आजकाल मोबाइलवरची अॅप याहून कमी खायला सांगतात!

सहा महिन्यांत त्यांचं वजन सुमारे पाव भागाने उतरलं. पण त्यासोबत काय काय झालं ते महत्त्वाचं. नाडी मंदावली. भर उन्हाळ्यात त्यांना थंडी वाजायची, पांघरूण लागायचं. झोपून असतानाचा ऊर्जेचा खर्च सुमारे ४० टक्क्यांनी खाली आला. यातला काही भाग शरीरच लहान झाल्यामुळे होता, पण शरीराने त्याहूनही जास्त काटकसर केली. आणि डोक्यात एकच विषय, जेवण. हे लोक पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. ताटं चाटायचे. एका घासाला तासभर लावायचे. चिडचिड, उदासी, मित्रांत न मिसळणं, अभ्यासात लक्ष न लागणं. मनाने खंबीर म्हणून निवडलेली ही माणसं!

नंतर पोटभर जेवण सुरू झालं, तर काहींची भूक थांबेचना. पोट गच्च भरलं तरी मन भरत नव्हतं. वजन परत आलं, आणि चरबी आधीच्यापेक्षा जास्त झाली. आपण ज्याला ओव्हरशूट म्हणतो, तेच.

आता मागच्या वर्षीची गोष्ट सांगते. जिची आहे तिला विचारूनच लिहितेय, नाव सांगत नाही. आमच्या विंगमधल्या एकीने ताईच्या लग्नाआधी आठ किलो कमी करायचं ठरवलं. सकाळी काळी कॉफी, दुपारी सफरचंद, रात्री काकडी. पहिल्याच आठवड्यात काट्यावर तीन किलो कमी! सगळ्या विंगने टाळ्या वाजवल्या. खरं तर त्यातला मोठा भाग पाणी होतं. शरीर थोडी साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं आणि त्याच्या दर ग्रॅमला साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. साखर संपली की पाणी जातं. काटा खूश होतो, चरबी जवळपास जागच्या जागी असते. तिसऱ्या आठवड्यात ती एप्रिलच्या उकाड्यात ‘पंखा बंद करा’ म्हणायला लागली. रात्री एक वाजता मोबाइलवर बिर्याणी आणि चीजकेकचे व्हिडिओ बघत बसायची. आम्ही हसायचो. मग एक दिवस वर्कशॉपमध्ये ती लेथजवळ चक्कर येऊन पडली. नशीब, मशीन बंद होतं. रेक्टर मॅडम तिला दवाखान्यात घेऊन गेल्या.

लग्न झालं, वजन तीन महिन्यांत परत आलं, वर दोन किलो. आणि ती म्हणाली, “माझ्यातच दम नाही गं.” मिनेसोटाचं वाचताना मला तिचा पंखा आणि ते व्हिडिओ आठवले. दम नव्हता असं नाही. तिचा कंट्रोलर एकदम व्यवस्थित चालू होता, इतकंच.

भुकेचा गेन

हा कंट्रोलर किती जोरात ओढतो? याचं उत्तर चक्क आकड्यात मिळालंय. मधुमेहाचं एक औषध आहे, कॅनाग्लिफ्लोझिन. त्याने रोज साधारण ९० ग्रॅम साखर लघवीवाटे बाहेर जाते, म्हणजे सुमारे ३६० किलोकॅलरी. पेशंटला ते जाणवत नाही, त्यामुळे तो मुद्दाम कमी किंवा जास्त खात नाही. आपल्या सुरुवातीच्या गणिताने वर्षात १७ किलो उतरायला हवेत. प्रत्यक्षात तीन-चार किलो उतरले आणि काटा थांबला. का? केव्हिन हॉल (हे मूळचे भौतिकशास्त्रातले) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये हिशोब मांडला. उतरलेल्या दर किलोमागे भूक दिवसाला सुमारे १०० किलोकॅलरींनी वाढते, आणि शरीराचा खर्च आणखी वीस-तीस किलोकॅलरींनी घटतो.

हे वाचून मी उडालेच. हा तर प्रपोर्शनल कंट्रोलरचा गेन! एरर जितका मोठा, ओढ तितकी मोठी. पाच किलो कमी झालात, तर रोज पाचशे किलोकॅलरींची जास्तीची भूक, म्हणजे मेसच्या पाच-सहा पोळ्या. एक दिवस नाही, एक आठवडा नाही, रोज. आणि ती थकत नाही. आपण थकतो.

म्हणजे डाएट केल्याने सेट पॉइंट बदलत नाही. डाएट हा सिस्टिमवर टाकलेला लोड आहे. लोड असेपर्यंत लेव्हल थोडी खाली सरकून थांबते, त्याला आपण ऑफसेट म्हणतो. लोड काढला की लेव्हल परत वर. वजन उतरता उतरता मध्येच अडकतं आणि डाएट सोडलं की परत येतं, या दोन्हींचं कारण हेच.

अंगाला लागत नाही, ते का?

आता दुसरं वाक्य. १९९० मध्ये कॅनडातल्या क्लॉड बुशार यांच्या गटाने जुळ्या भावांच्या १२ जोड्यांना रोज गरजेपेक्षा हजार किलोकॅलरी जास्त खायला घातलं, एकूण ८४ दिवस. जास्तीचं खाणं सगळ्यांना सारखंच. पण कुणाचं वजन चारच किलो वाढलं, कुणाचं तेरा. आणि एकाच जोडीतल्या भावांचं बरंचसं सारखं वाढलं. म्हणजे कंट्रोलरचं ट्यूनिंग मोठ्या प्रमाणात जन्माबरोबरच येतं.

१९९९ मध्ये अमेरिकेत जेम्स लिव्हाइन यांनी १६ जणांवर आठ आठवडे असाच प्रयोग केला. काहींची चरबी चार किलोंवर वाढली, एकाची अर्धा किलोही नाही. ज्यांची वाढली नाही ते काही जिमला जात नव्हते. त्यांच्या नकळत त्यांची चुळबुळ वाढली होती. उठणं, बसणं, येरझाऱ्या, पाय हलवणं. तेव्हा प्रत्येक विंगमधला तो एक काडीपैलवान, जो चौदा पोळ्या खातो आणि लेक्चरला बाक हलवत बसतो, त्याला तसंच राहू द्या. त्याचा व्हॉल्व्ह तिथे आहे. आणि दर महिन्याला महागड्या गेनर पावडरचे डबे आणून तो निराश होत असेल, तर त्यालाही सांगा की दोष त्याचा नाही.

मग सगळं नशिबावरच का?

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं जन्मजात असेल तर खाऊया मनसोक्त! नाही, तसंही नाही. सेट पॉइंट ही काळ्या दगडावरची रेघ नव्हे. जीन्स तेच असूनही दोन पिढ्यांत लोकांची वजनं वाढलीच की. कंट्रोलर तोच, पण त्याला मिळणारा इनपुट बदलला. हॉल यांचाच २०१९ चा प्रयोग बघा. २० जणांना दोन आठवडे कारखान्यात बनलेले, पाकीटबंद प्रकारचे पदार्थ दिले आणि दोन आठवडे घरच्यासारखं साधं जेवण. समोर ठेवलेल्या अन्नातली साखर, चरबी, मीठ, चोथा दोन्हीकडे सारखं, आणि हवं तितकं खायची मुभा. पाकीटबंद आठवड्यांत लोकांनी रोज सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खाल्ल्या आणि त्यांचं वजन सरासरी एक किलोच्या आसपास वाढलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला वेळ लागतो. आपण त्याला डेड टाइम म्हणतो. वेफर्स त्या वेळाच्या आत संपतात. ज्वारीची भाकरी आणि उसळ संपत नाही.

झोपेचंही तसंच. २००४ मध्ये शिकागोत १२ तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. भरपूर झोपेच्या तुलनेत त्यांचं लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं, घ्रेलिन हे पोटातून निघणारं भुकेचं हार्मोन २८ टक्क्यांनी वाढलं, आणि गोड-तळकट खायची इच्छा वाढली. नाइट मारल्यावर सकाळी सहाला टपरीवर इतकी गर्दी का, याचं शास्त्रीय कारण मिळालं ना!

आणि वजनकाटा सगळं सांगतो असंही नाही. ही गोष्ट आपल्या पुण्याची आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि डॉ. याज्ञिक यांची २१.२ टक्के! पुण्याजवळच्या गावांतल्या बाळांचाही त्यांनी अभ्यास केला. आपली बाळं जन्मतः इंग्लंडच्या बाळांपेक्षा बरीच हलकी, साधारण २.७ किलो विरुद्ध ३.५, पण कमी पडतात ते स्नायू, चरबी त्या मानाने राखलेली असते. म्हणून आपल्याकडे बारीक दिसणाऱ्यालाही मधुमेह गाठतो. बारीक म्हणजे निरोगी आणि जाड म्हणजे आजारी, इतकं ते सोपं नाही.

अलीकडे सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं आली आहेत. वजनासाठी अमेरिकेत २०२१ मध्ये आणि भारतात २०२५ मध्ये. ती थेट भुकेच्या सिग्नलवर काम करतात. मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १५ टक्क्यांनी उतरलं, पण औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश परत आलं. पुन्हा तेच, लोड काढला की लेव्हल वर. ज्यांना आजारामुळे गरज आहे त्यांना डॉक्टर देतील. होस्टेलमध्ये एकमेकांत वाटायची ही वस्तू नव्हे.

आपण काय करायचं?

थोडक्यात काय, तर कंट्रोलरशी कुस्ती खेळायची नाही, त्याला इनपुट बरा द्यायचा.

एक, मेस सोडू नका. आठ दिवसांच्या उपासापेक्षा वर्षभर जेवणाच्या ठरलेल्या वेळा बऱ्या. मेसच्या काकांना विनंती, आठवड्यातून आणखी दोन दिवस उसळ करा. आम्ही तक्रार करणार नाही (निदान मी तरी नाही).

दोन, झोपा. व्हायव्हाच्या आदल्या रात्रीसुद्धा, थोडं तरी.

तीन, व्यायाम करा, पण काट्यासाठी नको. वजन एक ग्रॅम उतरलं नाही तरी साखर, रक्तदाब, स्नायू, झोप, सगळ्याला फायदा होतो.

चार, काही न करता वजन भराभर उतरत असेल किंवा वाढत असेल, पाळी अनियमित झाली असेल, किंवा जेवणाचा विचार डोक्यातून जातच नसेल, तर गुगल करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. थायरॉइड, टीबी, मधुमेह, कशाचीही ती खूण असू शकते. असा लूप आपला आपण सुधारत नाही.

आणि पाच, हे सगळ्यात सोपं. ‘ड्रम’, ‘काडी’, ‘ढोली’, ‘सुकट’, ही नावं बंद करूया. आपल्या कॉलेजात आल्यापासून कितीतरी जणांची खरी नावंच आपल्याला माहीत नाहीत. लॅबमधला कंट्रोलर सेट पॉइंटवर आला नाही, तर आपण त्याला शिव्या देत नाही. सेन्सर बघतो, लोड बघतो, ट्यूनिंग बघतो. शेजारच्या रूममधल्या माणसाच्या बाबतीत एवढं तरी करायला काय हरकत आहे?

(तृतीय वर्ष, इन्स्ट्रुमेंटेशन अभियांत्रिकी)